देवाची निवड आणि पूर्वनेमणूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासवर्गात रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय संपून नववा सुरू झाला की प्रश्नांना ऊत येतो. काही चिठ्ठीवर येतात, काही व्हॉट्सॲपवर, आणि सगळ्यांत अवघड प्रश्न वर्ग संपल्यावर कोणीतरी एकटे थांबून विचारते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. निरनिराळ्या मंडळ्या काय मानतात ते त्यांच्या बाजूने सांगण्याचा प्रयत्न केला आहे. माझे मत जिथे आहे तिथे ते माझे म्हणूनच लिहिले आहे.

१. देवाची निवड आणि पूर्वनेमणूक म्हणजे नेमके काय?

देवाने माणसाची लायकी न पाहता, केवळ कृपेने, त्याला आपला म्हणणे ही निवड. त्या आपल्या माणसांचा शेवट काय व्हावा हे आधीच ठरवून ठेवणे ही पूर्वनेमणूक. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात प्रेषित पौल दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो: जगाच्या स्थापनेपूर्वी ख्रिस्तामध्ये निवड झाली आणि दत्तक मुले होण्यासाठी नेमणूक झाली. रोमकरांस ८:२९ मध्ये तो म्हणतो की ही नेमणूक पुत्रासारखे होण्यासाठी आहे. पुष्कळ जण हा विषय फक्त 'स्वर्ग की नरक' एवढ्यापुरता घेतात. पौलाच्या डोळ्यांसमोर मात्र आधी ख्रिस्त आहे आणि त्याच्यासारखी होत जाणारी माणसे आहेत. पुढची सगळी उत्तरे मी याच क्रमाने दिली आहेत.

२. हे बायबलमध्ये खरेच आहे का? की कॅल्विनने काढलेले आहे?

बायबलमध्ये आहे, आणि पहिल्या पुस्तकापासून आहे. अब्राहामाला बोलावले तेव्हा त्याने अर्ज केला नव्हता. अनुवाद ७:७-८ मध्ये मोशे इस्राएल लोकांना स्पष्ट सांगतो की तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून परमेश्वराने तुम्हांला निवडले नाही. त्याची प्रीती होती म्हणून निवडले. योहान १५:१६ मध्ये येशू शिष्यांना सांगतो की तुम्ही मला निवडले नाही, मी तुम्हांला निवडले.

मंडळीच्या इतिहासात या विषयाचा पहिला मोठा शिक्षक म्हणजे हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०). हिप्पो आजच्या अल्जीरियात आहे. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाची आज्ञा पाळू शकतो असे शिकवणाऱ्या पेलागियसशी त्याचा वाद झाला, आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली. पुढे ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने असा निर्णय दिला की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेने होते. सोळाव्या शतकात जर्मन सुधारक लूथरने १५२५ मध्ये इरॅस्मस या विद्वानाला उत्तर देताना हाच मुद्दा जोरात मांडला. जिनिव्हातला फ्रेंच सुधारक कॅल्विन त्यानंतरचा.

कॅल्विनविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्याच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत निवडीची प्रकरणे तिसऱ्या भागात, २१ ते २४ अशी आहेत, आणि त्यांच्या लगेच आधीचे लांबलचक प्रकरण प्रार्थनेवर आहे. विश्वास, पश्चात्ताप, नीतिमान ठरणे, प्रार्थना हे सारे सांगून झाल्यावर तो विचारतो: हे आपल्याला मिळाले तरी कुठून? मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. ज्याने कृपा अजून चाखलेलीच नाही त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी निवडीचा विषय काढला तर तो घाबरेल, नाहीतर भांडेल.

३. मग हे प्रारब्धच झाले ना? आमच्या घरी आजी म्हणायची, सटवाईने लिहिलेले टळत नाही.

एका बाबतीत दोन्ही सारखे आहेत: शेवटचा शब्द माझा नाही, असे दोन्हीकडे म्हटले जाते. पण त्यापुढे वाटा वेगळ्या होतात. प्रारब्ध हे माझ्याच मागच्या कर्माचे फळ असते. त्यात हिशेब काटेकोर असतो. निवडीत कर्म मोजलेच जात नाही. रोमकरांस ९:११ मध्ये पौल मुद्दाम सांगतो की याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ जन्मलेही नव्हते, त्यांनी बरेवाईट काही केलेही नव्हते. सटवाईच्या लेखाचे म्हणाल तर त्यात प्रेमाचा प्रश्न येत नाही, आणि लिहिणारीला आपण 'बाप' म्हणत नाही. ज्याने निवडले तो स्वतः वधस्तंभापर्यंत गेला, हा फरक माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा.

आणखी एक घोटाळा होतो. नोकरी गेली, अपघात झाला, लग्न मोडले, की ख्रिस्ती घरांतही "देवाने नेमलेलेच होते" असे म्हणतात. जगाचा रोजचा कारभार देवाच्या हातात आहे, या शिकवणीला ईश्वरी तरतूद म्हणतात. पूर्वनेमणुकीचा विषय तारणाचा आहे. दोन्ही एकमेकांशी जोडलेले असले तरी एक नाहीत.

४. देवाने काही माणसे नरकासाठीच निर्माण केली, असे यातून निघत नाही का?

या प्रश्नावर ख्रिस्ती शिक्षक एकमताचे नाहीत.

नवव्या शतकात गॉटशाल्क नावाच्या साधूने शिकवले की नेमणूक दुहेरी आहे: काहींची जीवनासाठी, काहींची दंडासाठी. ८४८ मध्ये माइंझला आणि ८४९ मध्ये कियेर्झीला त्याला दोषी ठरवले गेले. त्याला फटके मारले, स्वतःचे लिखाण जाळायला लावले, आणि उरलेले आयुष्य त्याने मठात कैदेत काढले. कॅल्विननेही दुहेरी निर्णय मानला, पण हा निर्णय भयचकित करणारा आहे हेही त्याने लपवले नाही. १६१९ च्या डॉर्टच्या परिषदेचे नियम (प्रश्न ५ पाहा) थोडे वेगळे बोलतात: देव काहींना त्यांच्याच पापात राहू देतो. देवाला पापाचा कर्ता म्हणणे ही ईश्वरनिंदा आहे, असेही ते ठणकावून सांगतात. लूथरन मंडळ्यांनी १५७७ च्या विश्वासाच्या कबुलीत निवड मानली, पण नाशासाठी नेमणूक मानली नाही. तर्काला हे अर्धवट वाटते, आणि लूथरन शिक्षक ते मान्यही करतात. शास्त्र जिथे थांबते तिथे आम्ही थांबतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

माझे मत लूथरन बाजूला झुकते, आणि त्याचे कारण मत्तय २५ आहे. राजा उजवीकडच्यांना सांगतो की जगाच्या स्थापनेपासून तुमच्यासाठी तयार केलेले राज्य घ्या. डावीकडच्यांना तो अग्नीत जायला सांगतो, पण तो अग्नी सैतान आणि त्याचे दूत यांच्यासाठी तयार केलेला आहे. दोन्ही बाजू सारख्या असत्या तर येशूने ही वाक्ये सारखी केली असती. राज्य माणसांसाठी तयार केले होते; अग्नी माणसांसाठी तयार केलेला नव्हता.

५. आर्मिनियस कोण होता? आणि ते 'पाच मुद्दे' कुठून आले?

याकोबस आर्मिनियस (१५६०–१६०९) हा डच पाळक. जिनिव्हात कॅल्विनच्या वारसाकडे शिकला आणि १६०३ पासून लायडन विद्यापीठात प्राध्यापक होता. देवाने विश्वास ठेवणाऱ्यांना निवडले, कृपा नाकारता येते, आणि ख्रिस्त सर्वांसाठी मेला, असा त्याचा रोख. त्याच्या मृत्यूनंतर, १६१० मध्ये, त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन दिले. त्याला उत्तर देण्यासाठी नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ डॉर्डरेख्ट (डॉर्ट) शहरात सिनड, म्हणजे मंडळीची परिषद, भरली. इंग्लंड, जिनिव्हा आणि जर्मन प्रांतांतूनही प्रतिनिधी आले होते. कॅल्विनवादाचे म्हणून प्रसिद्ध असलेले पाच मुद्दे म्हणजे या पाच कलमांना दिलेली उत्तरे. माणसाची पूर्ण भ्रष्टता, बिनशर्त निवड, निवडलेल्यांसाठी प्रायश्चित्त, न टाळता येणारी कृपा आणि संतांचे टिकून राहणे हे ते मुद्दे. एका वादातली ती उत्तरे असल्यामुळे त्यांनाच संपूर्ण कॅल्विन समजू नये.

हा निव्वळ धर्मशास्त्राचा वाद राहिला नाही, याचे दुःख वाटते. स्पेनशी तह ठेवावा की नाही, प्रांतांना किती अधिकार असावेत, हे राजकारण त्यात मिसळले. सिनड संपल्यावर काही दिवसांतच, १३ मे १६१९ रोजी, आर्मिनियसच्या बाजूचा वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. सुमारे २०० पाळकांना पदावरून काढले. प्रसिद्ध कायदेपंडित ग्रोशियस जन्मठेपेत पडला आणि १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून निसटला. केवळ कृपेने तारण होते हे शिकवणाऱ्यांच्या हातून हे घडले, आणि ते विसरता कामा नये.

अठराव्या शतकात जॉन वेस्लीने आर्मिनियसची बाजू घेतली. त्याचा मित्र व्हाइटफिल्ड कॅल्विनच्या बाजूला राहिला. मेथडिस्ट, साल्व्हेशन आर्मी आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या वेस्लीच्या वाटेने आल्या आहेत.

६. कोण विश्वास ठेवणार हे देवाला आधीच माहीत होते, म्हणून त्याने त्यांना निवडले. एवढे म्हटले की प्रश्न मिटला ना?

मिटला असे वाटते, पण तो एक पायरी मागे सरकतो. रोमकरांस ८:२९ आणि १ पेत्र १:२ इथे पूर्वज्ञानाचा उल्लेख आहेच, म्हणून हे उत्तर हलके नाही. आर्मिनियसचे उत्तर साधारण हेच. पण विश्वास आला कुठून? इफिसकरांस २:८ आणि फिलिप्पैकरांस १:२९ त्याला दान म्हणतात. मग देवाने आधी पाहिले ते स्वतःचेच देणे ठरते.

यावर सर्वांत बुद्धिमान तोडगा मोलिना या जेझुइट संघातल्या स्पॅनिश कॅथलिक धर्मगुरूने १५८८ मध्ये काढला. अमुक माणूस अमुक परिस्थितीत स्वतःच्या इच्छेने काय करील, हेही देवाला ठाऊक असते, आणि ते जाणून तो जगाची मांडणी करतो, असे तो म्हणाला. १ शमुवेल २३ मध्ये दावीद कईला नगरात असताना विचारतो की शौल येईल का, लोक मला त्याच्या हाती देतील का. देव 'हो' म्हणतो, दावीद निघून जातो आणि तसे काहीच घडत नाही. न घडलेलेही देवाला ठाऊक होते! मत्तय ११ मध्ये येशू म्हणतो की हीच अद्भुत कृत्ये सोर व सिदोनात झाली असती तर त्यांनी केव्हाच पश्चात्ताप केला असता. पण इथेच दुसरा काटा रुततो: ठाऊक होते तर ती तिथे का केली नाहीत? डोमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघातला बान्येझ आणि त्याच्या साथीदारांनी मोलिनावर कडाडून टीका केली. रोममध्ये दहा वर्षे चौकशी चालली. शेवटी १६०७ मध्ये पोप पाचव्या पॉलने दोन्ही मतांना मोकळीक देऊन एकमेकांना पाखंडी म्हणायला मनाई केली.

७. आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडे हा विषय कधी ऐकला नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स काय मानतात?

कॅथलिक मंडळी निवड मानते, पण देव कोणालाही नरकासाठी नेमत नाही असे तिची धर्मशिक्षा (परिच्छेद १०३७) सांगते. देवाच्या सनातन योजनेत प्रत्येकाने कृपेला दिलेला मोकळा प्रतिसादही धरलेला असतो, हे परिच्छेद ६०० मध्ये आहे. मी निवडलेल्यांपैकी आहे अशी पक्की खात्री, खास प्रकटीकरण झाल्याशिवाय, कोणी बाळगू नये, असे ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये ठरवले. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यातला खरा फरक बहुधा या खात्रीच्या प्रश्नावर आहे (प्रश्न ११ पाहा). आतल्या मतभेदांसाठी प्रश्न ६ पाहा.

ऑर्थोडॉक्स मंडळ्या दमास्कसच्या योहानाचे म्हणणे प्रमाण मानतात: देव सर्व आधी जाणतो, पण सर्व आधी ठरवत नाही. कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्क सिरिल लुकारिसच्या नावाने १६२९ मध्ये कॅल्विनच्या वळणाची कबुली निघाली, तेव्हा मोठी खळबळ झाली. १६७२ मध्ये जेरुसलेमच्या सिनडने ती शिकवण नाकारली.

८. सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे, असे १ तीमथ्य २:४ म्हणते. मग निवड कशी?

कॅल्विन 'सर्व' म्हणजे सर्व प्रकारची माणसे, राजेसुद्धा, असा अर्थ लावतो. आधीच्या वचनांत राजे आणि अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितले आहे, हा त्याचा आधार. संदर्भाने हा अर्थ शक्य आहे. पण यहेज्केल ३३:११ मध्ये परमेश्वर स्वतःच्या जिवाची शपथ घेऊन सांगतो की दुर्जनाच्या मरणाने मला संतोष होत नाही. तिथे ही पळवाट चालत नाही. अनेक सुधारित, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतले, शिक्षक म्हणून देवाची प्रकट इच्छा आणि गुप्त निर्णय असा भेद करतात. मला वाटते, यहेज्केलमधली शपथ खरी आहे असेच धरून चालावे, आणि तिच्याशी जुळत नसेल तो आपला तर्क बाजूला ठेवावा.

९. देवानेच मिसरच्या राजाचे, फारोचे, मन कठीण केले. मग फारोचा काय दोष?

निर्गम पुस्तक सावकाश वाचा. देव मोशेला ४:२१ मध्येच सांगतो की मी त्याचे मन कठीण करीन. पण पीडा सुरू झाल्यावर आधी फारो स्वतःच मन कठीण करतो. बेडूक गेले, जरा उसंत मिळाली, की तो फिरतो. गोमाश्यांनंतर पुन्हा तेच. परमेश्वराने त्याचे मन कठीण केले असे कथेत प्रथम स्पष्टपणे येते ते गळवांच्या पीडेत, ९:१२ मध्ये. फारो हा बिचारा सज्जन मनुष्य होता आणि देवाने त्याला बिघडवले, असे चित्र तिथे नाही. तो बाळे नदीत फेकायला लावणाऱ्या घराण्याचा वारस आणि इस्राएली गुलामांना विटांसाठी पेंढासुद्धा न देणारा राजा होता. ऑगस्टीनचे म्हणणे असे की कठीण करणे म्हणजे दया न करणे. देव दुष्टपणा आत घालत नाही. यानेही सगळे सुटत नाही, कारण ४:२१ आधीच येऊन गेले आहे. पौलही रोमकरांस ९:१८ मध्ये ते सोडवत नाही. पण गुलाम कोण होते आणि देव कोणाच्या बाजूने उभा होता, हे विसरून हा प्रश्न विचारला जातो तेव्हा मला राहवत नाही.

१०. सगळे ठरलेलेच असेल तर सुवार्ता कशाला सांगायची? प्रार्थना तरी का करायची?

प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये पौल करिंथात घाबरलेला आहे. प्रभू त्याला रात्री सांगतो: बोलत राहा, कारण या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. त्या लोकांनी अजून विश्वास ठेवलेला नव्हता. निवड हे इथे थांबण्याचे कारण नाही; पौलाने तिथे दीड वर्ष टिकून राहण्याचे ते कारण आहे. फिलिप्पैला लुदियाचे अंतःकरण प्रभूने उघडले, पण पौल नदीकाठी बसून बोलत असताना उघडले.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात काही बॅप्टिस्ट मंडळ्यांनी नेमके तुमच्यासारखेच अनुमान काढले होते: देवाला ज्यांना तारायचे त्यांना तो तारील, पापी माणसाला विश्वास ठेवायला सांगणे आपले काम नव्हे. अँड्र्यू फुलर या पाळकाने १७८५ मध्ये पुस्तक लिहून हे मत खोडले. तोही कॅल्विनवादीच होता. त्याचा मित्र विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालात आला आणि १८११ मध्ये श्रीरामपूरहून मराठी नवा करार छापून निघाला. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मराठी मिशनचे लोक निवडीवर विश्वास ठेवणारे काँग्रिगेशनल होते. १८२९ मध्ये आलेला जॉन विल्सन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन. निवडीच्या शिकवणीने सुवार्ता थांबत असती तर मराठी प्रॉटेस्टंट मंडळी ज्या लोकांच्या हातून उभी राहिली ते घरीच बसले असते.

प्रार्थनेचेही तेच. माणसाचे अंतःकरण देव बदलू शकतो असे मानणाराच आपल्या भावासाठी देवाकडे गुडघे टेकतो.

११. मी निवडलेला आहे की नाही, हे मला कसे कळणार? रात्र रात्र झोप लागत नाही.

हा प्रश्न विचारणारे बहुधा हळव्या मनाचे, प्रामाणिक लोक असतात. म्हणून आधी एवढेच: निवडलेल्यांची यादी वाचायचा प्रयत्न करू नका. ती कोणाला दाखवलेली नाही. अनुवाद २९:२९ म्हणते, गुप्त गोष्टी परमेश्वराच्या आहेत, प्रकट केलेल्या आपल्या. प्रकट काय आहे? योहान ६:३७. त्या वचनाचा पहिला अर्धा भाग देवाच्या निवडीबद्दल आहे: पिता जे देतो ते सर्व येईल. दुसरा अर्धा भाग तुमच्यासाठी आहे: जो येतो त्याला येशू कधीच बाहेर घालवणार नाही. तुम्हांला दुसऱ्या अर्ध्यावर पाऊल ठेवायचे आहे. पहिला त्यातच आला.

कॅल्विन ख्रिस्ताला निवडीचा आरसा म्हणतो. तिथे पाहा, स्वतःच्या आत पाहू नका. पुढे प्युरिटन लोकांनी, म्हणजे इंग्लंडमधल्या कॅल्विनच्या कडक अनुयायांनी, २ पेत्र १:१० वरून स्वतःच्या जीवनातली फळे तपासण्यावर भर दिला. फळे पाहण्यात गैर काही नाही. पण खचलेल्या माणसाने ती पाहू नयेत. त्या दिवसांत त्याला एकही दिसणार नाही. विसाव्या शतकात स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थने १९४२ मध्ये हा सारा विषय ख्रिस्तावरच उभा केला: निवडणारा देव तोच, निवडलेला मनुष्यही तोच, आणि नाकारले जाणेही त्यानेच सोसले. बार्थ सर्वांच्या तारणापर्यंत पोचतो अशी टीका झाली आणि तिच्यात तथ्य आहे, पण घाबरलेल्या माणसाला कुठे पाहायला सांगावे हे त्याला अचूक कळले होते.

आणि झोप खरोखरच अनेक आठवडे जात असेल, हाच विचार पिच्छा सोडत नसेल, तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटा. धार्मिक शंकेच्या रूपाने आजारही बोलतो. डॉक्टरकडे जाण्यात विश्वासाची कमतरता नाही.

१२. निवडलेलाच असेन तर पाप केले म्हणून काय बिघडले?

इफिसकरांस १:४ पुरे वाचा: पवित्र आणि निर्दोष असावे म्हणून निवडले. तुम्ही म्हणता ती निवड बायबलमध्ये नाही.

१३. आमच्या युवक संघात पुढे असलेल्या मुलाने विश्वास सोडला. तो निवडलेला नव्हता का?

इब्री ६:४-६ वाचून वेस्लीची परंपरा म्हणते की खरा विश्वासणाराही कृपेतून पडू शकतो. १ योहान २:१९ वाचून सुधारित परंपरा म्हणते की कायमचा गेला तो मुळात आपल्यातला नव्हता. लूथरन म्हणतात, विश्वास गमावता येतो, पण निवडलेला शेवटी परत येतो. तिन्ही मतांत 'कायमचा' आणि 'शेवटी' हे शब्द महत्त्वाचे आहेत, आणि त्या मुलाचा शेवट अजून झालेला नाही. पेत्राने त्या रात्री तीनदा नाकारले, तेव्हा त्याच्याबद्दल अंगणातल्या कोणी काय निष्कर्ष काढला असता? त्याला फोन करा. त्याच्याबद्दल चर्चा कमी करा.

१४. आमचे बाळ बाप्तिस्म्याआधीच गेले. कोणीतरी म्हणाले, ते निवडलेले होते की नाही कोणास ठाऊक.

असे बोलणाऱ्याने आपल्या परंपरेतले कागदही वाचलेले नाहीत. एवढ्या कडक समजल्या जाणाऱ्या डॉर्टच्या नियमांत (पहिले प्रकरण, कलम १७) लिहिले आहे की बालपणी गेलेल्या आपल्या मुलांच्या निवडीबद्दल आणि तारणाबद्दल विश्वासू आईबापांनी शंका घेऊ नये. वेस्टमिन्स्टरच्या कबुलीत, म्हणजे प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या सतराव्या शतकातल्या विश्वासाच्या कबुलीत, 'निवडलेली बाळे' असा मोघम शब्दप्रयोग होता आणि त्याने अनेकांना छळले. १९०३ मध्ये अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने जाहीर खुलासा केला: बालपणी मरणारी सर्व बाळे कृपेच्या निवडीत आहेत असे आम्ही मानतो. कोल्हापूर, मिरज भागात ज्या मिशनने शाळा आणि दवाखाने चालवले, ते याच मंडळीचे. रोमनेही २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धर्मशास्त्रीय अभ्यासात बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणे आहेत असे म्हटले.

निवड माणसाच्या कृतीवर अवलंबून नाही, हीच गोष्ट इथे आधाराला येते. ज्या बाळाला काहीच करता आले नाही, त्याला निवडणाऱ्या देवाचे हात बांधलेले नाहीत. दावीद आपल्या बाळाबद्दल म्हणाला की मी त्याच्याकडे जाईन (२ शमुवेल १२:२३). तुम्हीही तसे म्हणू शकता.

१५. माझे आईवडील ख्रिस्ती नव्हते. माझे आजोबा, पणजोबा यांनी तर येशूचे नावही ऐकले नाही. त्यांचे काय?

पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या मराठी ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न जितका टोचतो तितका युरोपातल्या पुस्तकांना टोचलेला दिसत नाही. म्हणून उत्तरही जपून.

वेस्टमिन्स्टरची कबुली कठोर आहे. ख्रिस्ताला न मानणारे आपापल्या धर्माप्रमाणे कितीही चांगले वागले तरी तारले जात नाहीत असे ती म्हणते. पण त्याच प्रकरणात, ज्यांना वचनाची हाक बाहेरून पोचूच शकत नाही अशा निवडलेल्यांना ख्रिस्त आत्म्याद्वारे तारतो, असेही आहे. लिहिणाऱ्यांच्या मनात कदाचित फक्त बाळे आणि मतिमंद माणसे असतील, पण दार किलकिले आहे. झ्युरिकचा सुधारक झ्विंग्ली तर १५३१ मध्ये लिहून गेला की स्वर्गात सॉक्रेटिससारखी माणसे भेटतील. निवड देवाच्या इच्छेवर अवलंबून आहे, तर ती सुवार्तिकाचे जहाज पोचण्यावर अवलंबून कशी असेल? लूथर त्यावर संतापला. कॅथलिक मंडळीने १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत म्हटले की स्वतःच्या दोषाशिवाय सुवार्तेला अनोळखी राहिलेले, सदसद्विवेकाने देवाला शोधणारे लोक तारण पावू शकतात.

मी झ्विंग्लीइतके ठामपणे नावे घेणार नाही, आणि तुमच्या पणजोबांचा निकाल लावणार नाही. तो अधिकार पाळकांनाही नाही. पण रोमकरांस ९ हा निवडीवरचा सगळ्यांत कठीण अध्याय कसा सुरू होतो ते पाहा. आपल्या विश्वास न ठेवणाऱ्या भाऊबंदांसाठी पौलाला अखंड वेदना होत आहेत. त्यांच्यासाठी स्वतः शापित व्हायलाही तो तयार आहे. दहाव्याच्या सुरुवातीला तो त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. निवडीची शिकवण ज्याने दिली, त्याच्या डोळ्यांत आपल्याच माणसांसाठी पाणी होते. हे दुःख तुमच्या विश्वासाच्या विरोधात नाही. ते बाळगा, आणि जिवंत आईवडिलांची सेवा करा. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा त्यांच्या धर्माप्रमाणे बदलत नाही.

१६. यहूदा इस्कार्योताने जे केले ते लिहिलेलेच होते. मग त्याला शिक्षा का?

मार्क १४:२१ मध्ये येशू एकाच वाक्यात दोन्ही म्हणतो: मनुष्याचा पुत्र लिहिल्याप्रमाणे जातो, पण त्याला धरून देणाऱ्याची केवढी दुर्दशा. प्रेषितांची कृत्ये ४:२७-२८ मध्ये हेरोद आणि पिलात यांच्याबद्दलही तसेच. योसेफ भावांना म्हणाला की तुम्ही वाईट योजले, देवाने चांगले योजले. एकाच घटनेत दोन हेतू होते, आणि यहूदाचा हेतू त्याचा स्वतःचा होता. चांदीची नाणी त्याने स्वतः मागितली. बाकी फारोबद्दल (प्रश्न ९) म्हटले तेच.

१७. रोमकरांस ९ व्यक्तींबद्दल आहे की राष्ट्रांबद्दल?

दोन्ही. याकोब-एसावाचे वचन पौल उत्पत्ती आणि मलाखी इथून घेतो. मलाखीत तर ते इस्राएल आणि अदोम या राष्ट्रांबद्दलच आहे. पण यहुदी घराण्यातल्या काहींनी विश्वास ठेवला आणि काहींनी नाही, हा पौलाचा प्रश्न राष्ट्र म्हटल्याने सुटत नाही. अकराव्या अध्यायापर्यंत न थांबता वाचा: तिथे तो यहुदी लोकांची निवड रद्द झालेली नाही असे म्हणतो, आणि बाहेरून कलम केलेल्या फांद्यांना, म्हणजे आपल्याला, घमेंड करू नका असे बजावतो.

१८. शेवटी तारले जाणारे थोडेच असतील का?

लूक १३:२३ मध्ये कोणीतरी हेच विचारले. येशूने संख्या सांगितली नाही. अरुंद दाराने आत जाण्याचा नेट करा म्हणाला. प्रकटीकरण ७:९ मध्ये मात्र कोणाला मोजता येणार नाही असा मोठा समुदाय दिसतो.

१९. मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, तो मेथडिस्ट. लग्न ठरले आहे. निवडीवर आमचे पटत नाही. अडचण येईल का?

याच एका मुद्द्यावर नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा त्यात प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्या आल्या, बॅप्टिस्ट आले आणि ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्टही आले. कॅल्विन आणि वेस्ली यांचे वारस तेव्हापासून एका मेजावर प्रभुभोजन घेत आहेत. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी बाहेर राहिली. तो बहुधा त्याच मंडळीतला असेल. दोन्हीकडे बाळांचा बाप्तिस्मा होतो, म्हणून तिथेही वाद नाही. तो मेथडिस्ट नसून पेंटेकॉस्टल किंवा ब्रदरन असता तर मी म्हटले असते की निवडीचे राहू द्या, मुलांचा बाप्तिस्मा केव्हा आणि कोणत्या मंडळीत करायचा ते साखरपुड्याआधी दोन्ही घरांनी बसून ठरवा.